सालेकशाचा दाखला

हावड्याहून मुंबईकडे निघालेली आगगाडी डोंगरगड सोडते, बोरतलावचे स्थानक ओलांडते, डोंगरातील बोगद्यातून बाहेर पडते आणि दरेकसा मागे टाकून सालेकशास येऊन पोहोचते, तेव्हा तिने छत्तीसगड सोडून महाराष्ट्रात प्रवेश केलेला असतो. गाडीस त्याची दादही नसते. हा लोहमार्ग आणि गोंदियाहून बालाघाटकडे फुटणारा फाटा ही दोन्ही रेल्वेच्या एकाच नागपूर विभागाच्या अखत्यारीत आहेत. सिग्नल पडावयाचा तो एकाच नियमाने पडतो. परंतु त्याच गाडीतून उतरणाऱ्या एखाद्या माणसाच्या पिशवीत आजोबांच्या नावाचा जुना कागद असेल, तर त्या कागदाला मात्र ही हद्द ओलांडता ओलांडता वर्ष लागते. कधी कधी ती ओलांडताच येत नाही.

अग्रलेख पहिल्या पानावर छापण्याचा प्रसंग आम्ही क्वचितच आणतो. आज आणीत आहोत, याचे कारण एवढेच की ज्या प्रश्नाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो तो आतल्या पानावर गेला की जिल्हावृत्तांत जमा होतो, आणि शहरातील सुशिक्षित वाचक जिल्हावृत्ताचे पान कसे उलटतो हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. प्रश्न सालेकशाचा दिसतो. वस्तुतः तो या देशातील संगणकीकृत कारभाराच्या मुळाशी जाणारा आहे.

सत्तर वर्षांमागील नकाशा वाचकांनी क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. भंडारा, बालाघाट आणि दुर्ग हे तिन्ही जिल्हे त्या वेळी एकाच मध्यप्रदेश राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. सालेकसा भंडारा जिल्ह्यात, लांजी बालाघाटात. आणि डोंगरगड, जे पूर्वी खैरागड संस्थानात होते, ते १९४८ च्या विलीनीकरणानंतर दुर्ग जिल्ह्यात आले होते. बालाघाट जिल्ह्याची घडणही मुळात १८६७ नंतर भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडूनच झालेली. पुढे १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, १९७३ साली दुर्गमधून राजनांदगाव निघाला, १९९९ च्या महाराष्ट्रदिनी भंडाऱ्यातून गोंदिया निघाला, १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड अस्तित्वात आला आणि २०२२ साली राजनांदगावचेही आणखी तुकडे झाले. दर खेपेस हद्द हलली, दप्तर हलले, काही दप्तर जुन्या जिल्ह्यातच राहिले. माणसे मात्र होती तेथेच राहिली. तीच सोयरीक, तोच बाजार, तीच धानाची बांधी. माघी पौर्णिमेस दरेकशाजवळच्या कचारगडच्या गुहांपाशी जो गोंड समाज लोटतो त्यात तीन राज्यांचेच नव्हे, तेलंगणापासूनचे लोक असतात. आपण कोणत्या राज्याचे, असा प्रश्न तेथे कोणी कोणास विचारीत नाही. फार काय, नक्षलवाद्यांनीसुद्धा या प्रदेशाचा आपला जो विभाग केला त्याला महाराष्ट्र-मध्यप्रदेश-छत्तीसगड असे जोडनाव दिले. बंडखोरांस जे भूगोलाने शिकविले ते तीन सचिवालयांस अजून उमगावयाचे आहे, ही गोष्ट अभिमानाची खचित नव्हे.

आता प्रत्यक्ष अडचण काय ती पाहू. सालेकसा तालुक्यातील एका गोंड कुटुंबाची कल्पना करावी. मुलगी बारावी झाली आहे, तिला परिचारिकेच्या किंवा वैद्यकीय अभ्यासक्रमास प्रवेश हवा आहे. तिला अनुसूचित जमातीचा दाखला पाहिजे आणि त्या दाखल्याची वैधता पडताळणी समितीकडून पाहिजे. महाराष्ट्राने २००० साली केलेला आणि २००१ पासून अमलात आलेला कायदा हे दोन्ही मागतो. राष्ट्रपतींचा अनुसूचित जमातींविषयीचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. म्हणून त्या दिवशी मुलीच्या पूर्वजाचा कायमचा ठावठिकाणा कोठे होता, आणि त्याची जमात कोणती नोंदलेली होती, हे सिद्ध करावयाचे. समजा, पणजोबा लांजीकडचे. १९५३ साली ते दहा-बारा कोसांवर सासुरवाडीस येऊन स्थायिक झाले. त्या दिवशी त्यांनी कोणतेही राज्य सोडले नव्हते. एकाच राज्यातील एका जिल्ह्यातून शेजारच्या जिल्ह्यात ते आले होते. परंतु आजच्या हिशेबाने त्यांचे १९५० चे गाव मध्यप्रदेशात मोडते. म्हणजे पणती महाराष्ट्रात जन्मली, तिचा बाप येथे जन्मला, आजोबा येथेच वारला, तरी कागदावर हे कुटुंब परराज्यातून 'स्थलांतरित' ठरावयाचे. आणि स्थलांतरितास जमातीचा दाखला मिळाला तरी राज्याच्या सवलती मिळत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९० व १९९४ च्या निर्णयांपासून स्थिर झालेले तत्त्व आहे.

या तत्त्वास अशा सरहद्दीवर कसा पीळ पडतो हे खुद्द न्यायालयापुढेही आलेले आहे. तत्कालीन छिंदवाडा जिल्ह्यातील पांढुर्ण्याचे मूळ असलेल्या एका अर्जदाराचे प्रकरण २००४ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा राज्यपुनर्रचनेपूर्वीचा हा सगळा प्रदेश एक होता आणि तीच जमात दोन्ही राज्यांत मान्य आहे, हा मुद्दा न्यायालयाने गंभीरपणे घेतला; नुसत्या स्थलांतराच्या शिक्क्याने हक्क बुडतो असे धरले नाही. परंतु सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतके पैसे आणि आयुष्य सालेकशातील किती कुटुंबांजवळ आहे? बाकीच्यांस एकच मार्ग. पणजोबांच्या गावचा कागद आणावयाचा.

कागद आणणे म्हणजे काय, हे शहरातील वाचकांस सांगितले पाहिजे. आम्ही या धंद्यात येण्यापूर्वी काही वर्षे शाळामास्तर होतो आणि शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर आमच्या हातून भरले गेलेले आहे. त्या जाड, कडा कुरतडलेल्या वहीत मुलाचे नाव, बापाचे नाव, जन्मतारीख आणि जात लिहिण्यास जेमतेम वीत-दीड वीत जागा असते. जुन्या मास्तरांनी ती घाईने भरली. कोणी 'गोंड' लिहिले, कोणी 'राजगोंड', कोणी नुसतेच 'आदिवासी' लिहून पुढच्या मुलाकडे वळले. आमच्याही हातून जूनच्या गर्दीत काही रकाने असेच भरले गेले असतील, आणि त्याची बोच आज या विषयावर लिहिताना लागल्यावाचून राहत नाही. त्या क्षणी आपण कोणाच्या नातवाचे भवितव्य लिहीत आहो याची कल्पना एकाही मास्तरास नव्हती. एखाद्या नोंदीच्या वाचनावर केवढा अनर्थ लोंबकळत असतो, हे नागपूरकरांस तरी सांगावयास नको. 'गोंड-गोवारी' या दोन शब्दांच्या अर्थावरून जो लढा उभा राहिला, त्यात २३ नोव्हेंबर १९९४ रोजी या शहरात ११४ माणसे चेंगरून मेली. आणि त्या शब्दांचा शेवटचा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने लावला तो डिसेंबर २०२० मध्ये, तोही गोवारींच्या विरुद्ध. मार्च २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने असेही सांगितले की चालीरीती व देवदैवतांवरून घ्यावयाची जमातीची परीक्षा ही अंतिम कसोटी नव्हे, आणि राज्यघटनेपूर्वीच्या कागदपत्रांचे वजन अधिक. निर्णय योग्यच आहे. पण त्यामुळे जुन्या कागदाची किंमत वाढली, आणि तो कागद ज्याच्या हाती नाही त्याची पंचाईतही तितकीच वाढली.

हे सगळे संगणकाच्या युगात चालले आहे. महाराष्ट्राचा सातबारा घरबसल्या पाहता येतो. १ मे २०१८ पासून तो अंकीय स्वाक्षरीसह मिळतो. छत्तीसगडची 'भुइयाँ' ही व्यवस्था खसरा आणि बी-वन दाखविते. मध्यप्रदेशाचे भूलेख तसेच दिसतात. लोकसेवेच्या हमीचा कायदा देशात प्रथम केला तो मध्यप्रदेशाने, २०१० साली. छत्तीसगडने २०११ त, महाराष्ट्राने २०१५ त. तिन्ही राज्ये आपापल्या घरात नेटकी आहेत, हे कबूल केले पाहिजे. पण त्यांच्या घरांमध्ये दार नाही. सालेकशाच्या सेवा केंद्रातील तरुणास बालाघाटच्या अभिलेखागारास काही विचारावयाचे असेल तर त्याच्या पडद्यावर त्यासाठी एकही कळ नाही; तो अर्जदारास सांगतो, 'तुम्हीच जाऊन आणा.' येथे आणखी एक विनोद आहे, जर त्यास विनोद म्हणता येत असेल तर. महाराष्ट्राची ई-फेरफार प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पुण्यातील मंडळींनी घडविली आणि भुइयाँही त्याच केंद्राची निर्मिती. म्हणजे १९७६ साली स्थापन झालेल्या एकाच केंद्रीय संस्थेच्या हातांनी दोन राज्यांच्या जमिनीची दप्तरे संगणकावर चढविली, आणि ती एकमेकांशी अबोला धरून बसली. यंत्राचा यात दोष नाही. त्यांनी परस्परांशी बोलावे असे त्यांस कोणी सांगितलेच नाही.

दुसरा एक अडथळा आमच्या मते याहून सूक्ष्म आहे, आणि भाषेच्या माणसास तो चटकन दिसतो. मराठी दप्तरात ज्याचे आडनाव 'मडावी' असते तो हिंदी दप्तरात 'मरावी' होतो. 'उईके'चा 'उइके' होतो, 'धुर्वे'चा 'धुर्वा' होतो. गावातला कोतवाल हसून सांगेल की हे एकच घराणे. संगणक असे हसत नाही. त्याच्या दृष्टीने ऱ्हस्व-दीर्घ बदलले की माणूस बदलला. त्यातून रोमन लिपीत नाव घालून परत देवनागरीत आणले की मूळ नाव ओळखू येईनासे होते. या प्रश्नावर चांगले संशोधन झाले तर त्याचा उपयोग भाषाशास्त्रासही होईल आणि तहसीलदारासही. आमची विद्यापीठे हा विषय का घेत नाहीत, असा प्रश्न आम्हांस राहून राहून पडतो. गोंडवाना विद्यापीठाचे नाव उच्चारताच हा विषय सुचावयास हवा.

मग सीमेपलीकडे काहीच चालत नाही काय? चालते, आणि तेथेच विचार करण्याजोगी गोष्ट आहे. शिधापत्रिकेचे धान्य आज देशात कोठेही उचलता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये प्रथम महाराष्ट्र-गुजरात आणि आंध्र-तेलंगण अशा दोन जोड्यांत तो प्रयोग झाला आणि जून २०२२ पर्यंत सर्व राज्ये व केंद्रशासित प्रदेश त्यात आले. डोंगरगडचा मजूर गोंदियात अंगठा टेकून तांदूळ घेऊ शकतो. हे साधले कसे? धान्याचा बोजा मुख्यतः केंद्राच्या शिरावर आहे; अंगठा दुसऱ्या राज्याचा असला म्हणून महाराष्ट्राच्या तिजोरीस खार लागत नाही. उलट धानाच्या खरेदीत पाहा. २०२५-२६ च्या हंगामासाठी साधारण धानाचा केंद्राचा हमीभाव क्विंटलला २३६९ रुपये होता. छत्तीसगड सरकार २०२३-२४ च्या हंगामापासून क्विंटलला ३१०० रुपये पडतील अशा रीतीने एकरी २१ क्विंटलपर्यंत धान घेत आले आहे; महाराष्ट्राने आपला बोनस क्विंटलवर न देता हेक्टरी द्यावयास सुरुवात केली. परिणामी दर हंगामात इकडचे धान रात्री तिकडे जाते आणि छत्तीसगडला सरहद्दीवर तपासणी नाके बसवावे लागतात. दोन्ही राज्यांच्या शेतकरी-नोंदणीच्या याद्या संगणकावर आहेत. केंद्राने तर सप्टेंबर २०२४ मध्ये २८१७ कोटी रुपयांची कृषिविषयक अंकीय योजना मंजूर करून प्रत्येक शेतकऱ्यास ओळख क्रमांक देण्यास प्रारंभ केला. परंतु ज्याची दोन एकर इकडे आणि तीन तिकडे आहेत अशा प्रामाणिक शेतकऱ्यास दोन राज्यांत दोन नोंदण्या करीत हिंडावे लागते, आणि चोरटा व्यापारी मात्र दोन्ही व्यवस्थांच्या फटीतून आरामात जातो.

यावरून आमचा निष्कर्ष असा की जेथे पैसा केंद्राचा तेथे यंत्र सीमा ओलांडते, आणि जेथे राज्यास स्वतःच्या तिजोरीतून किंवा स्वतःच्या राखीव जागांतून काही द्यावे लागते तेथे ते अडते. राज्यांच्या या संकोचास आम्ही निव्वळ खोडसाळपणा म्हणणार नाही. खोट्या दाखल्यांवर खऱ्या आदिवासींच्या नोकऱ्या बळकावल्या गेल्याचा महाराष्ट्राचा अनुभव कडू आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयास त्याबाबत कठोर निर्णय द्यावा लागला. पडताळणी हवीच. आमचे म्हणणे इतकेच की एका सरकारास दुसऱ्या सरकारकडून जी खात्री करून घ्यावयाची ती त्याने त्या सरकारास विचारावी; त्यासाठी मजुरी बुडवून बाईने बालाघाटच्या कचेरीच्या पायऱ्या झिजवू नयेत. शिवाय विचारणा सरकार ते सरकार झाली तर खोटा कागद टिकणेही कठीण होईल, कारण मधल्या दलालाच्या हातून कागद जाणारच नाही.

असे कोठे घडते काय, असे विचारणाऱ्यांसाठी युरोपचे उदाहरण आहे. ते आम्ही भक्तिभावाने देत नाही. त्या खंडात सत्तावीस सार्वभौम राष्ट्रांचा संघ आहे. चोवीस अधिकृत भाषा आहेत. परस्परांच्या रक्ताने माखलेला इतिहास आहे. या राष्ट्रांस एका गोष्टीची जाणीव बरीच लवकर झाली, ती ही की प्रत्येकाने आपापला संगणक-कारभार स्वतंत्रपणे उभारला तर खंडाच्या बाजारपेठेत सरहद्दी पुन्हा उभ्या राहतील. म्हणून त्यांनी प्रथम संशोधन हाती घेतले, आणि तेही एकत्र. २००६-०७ साली जर्मनीतील कोब्लेंझ विद्यापीठाच्या पुढाकाराने २०२० सालच्या सरकारी कारभारास कोणते संशोधन लागेल याचा आराखडाच अनेक देशांतील अभ्यासकांनी मिळून तयार केला. २००८ साली एका देशाची अंकीय ओळख दुसऱ्या देशाने कशी मानावी याचा प्रत्यक्ष प्रयोग सुरू झाला. त्यातून जे शिकावयास मिळाले ते २०१४ च्या कायद्यात उतरले. २०१७ ते २०२१ या काळात एस्टोनियातील टॅलिन तंत्रविद्यापीठाच्या सूत्रसंचालनाखाली सुमारे वीस देशांतील पन्नासच्या आसपास संस्थांनी एका साध्या तत्त्वाचा प्रयोग केला: नागरिकाने सरकारास एखादी माहिती एकदा दिली की पुन्हा मागावयाची नाही, ज्यास हवी त्या कचेरीने ती दुसऱ्या कचेरीकडून, देश वेगळा असला तरी, नागरिकाच्या संमतीने घ्यावी.

याचे फळ लहान-लहान गोष्टींत दिसते. २०१७ साली एस्टोनिया आणि फिनलंड यांनी दोन्ही देशांच्या माहिती-देवघेवीची यंत्रणा सांभाळण्यासाठी मिळून एक संस्था स्थापन केली, आणि जानेवारी २०१९ पासून फिनलंडच्या डॉक्टरने लिहिलेले औषध एस्टोनियाच्या दुकानात संगणकावरील नोंदीवरून मिळू लागले. मध्ये समुद्राची खाडी आहे. भाषा निराळ्या आहेत. सालेकसा आणि डोंगरगड यांच्यामध्ये एक बोगदा आहे.

युरोपातही सारे सुरळीत झाले असे कोणी समजू नये. 'एकदाच विचारा' हे तत्त्व २०१८ च्या कायद्याने एकवीस प्रकारच्या कामांस लागू केले गेले, त्यासाठी १२ डिसेंबर २०२३ ही मुदत ठरली, आणि त्या दिवशी अनेक देश जोडलेच गेले नव्हते. सरकारी मुदतीचा स्वभाव तेथेही येथल्यासारखाच आहे, हे वाचून आमच्या अधिकारीवर्गास थोडा दिलासा मिळेल. पण फरक पडतो तो पुढे. मुदत हुकली म्हणून त्यांनी प्रश्न गुंडाळून ठेवला नाही. ११ एप्रिल २०२४ पासून नवा कायदा अमलात आला. त्याने प्रत्येक देशाचा प्रतिनिधी असलेले मंडळ नेमले, आणि जानेवारी २०२५ पासून असे बंधन घातले की सीमापार चालणाऱ्या अंकीय सेवेस नवे बंधनकारक नियम लावण्यापूर्वी ते नियम शेजारच्या देशाच्या व्यवस्थेशी जुळतील काय याची तपासणी करावी. याशिवाय २०१८ पासून तेथे आणखी एक उपक्रम चालू आहे, आणि आमच्या दृष्टीने तोच सर्वांत अनुकरणीय. सरहद्दीवरील एखाद्या नगरपालिकेने किंवा रुग्णालयाने आपली नेमकी अडचण लिहून कळवावयाची; तज्ज्ञ येऊन ती तपासतो आणि ती कायद्यामुळे आहे की नुसत्या सवयीमुळे, हे सांगतो. कित्येक अडचणींचे मूळ कायद्यात नसून सवयीत निघते. २०२५ साली तर अशा तक्रारी ऐकण्यासाठी देशांनी सीमासमन्वयाची ठाणी उघडावीत अशी तरतूदही झाली. ती ऐच्छिक आहे, पण आहे.

आमच्याकडे संशोधन झालेच नाही असे नाही. ते एकत्र झाले नाही आणि शेवटपर्यंत नेले गेले नाही. वारणा खोऱ्यातील सत्तर गावांत १९९८ साली 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प मोठ्या गाजावाजाने सुरू झाला. काही वर्षांनी अभ्यासकांनी जाऊन पाहिले तेव्हा असे आढळले की शेतकरी त्या संगणकांचा उपयोग बहुतांशी उसाच्या हिशेबापुरता करीत आहेत आणि ते काम साध्या भ्रमणध्वनीच्या संदेशानेही होऊ शकते. तसे करूनही दाखविण्यात आले. मध्यप्रदेशातील धार जिल्ह्याच्या 'ज्ञानदूत' प्रकल्पास २००० साली स्टॉकहोमचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक मिळाले. नंतरच्या पाहणीत त्याचा वापर फार थोडा असल्याचे दिसले. या पाहण्या मोलाच्या होत्या, परंतु त्यांचा धडा वारणेचा वारणेत आणि धारचा धारमध्ये राहिला. आधारचा देशातील पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात दिला गेला. आदिवासी गावे आरंभाच्या समारंभासाठी निवडली जातात. पाच वर्षांनी त्यांचे काय झाले हे मोजावयास फारसे कोणी जात नाही.

एक आक्षेप आम्ही स्वतःच घेऊन ठेवतो. तीन राज्यांची दप्तरे सरसकट जोडून टाका, अशी आमची मागणी नाही. कागदावरची चूक एका तहसिलीत कोंडून राहते. जोडलेल्या यंत्रातील चूक तीन राज्यांत एकाच रात्री पसरेल. चुकून 'गोंड' ऐवजी दुसरे काही चढले तर ते उतरविण्यासाठी कोणाचे पाय धरावयाचे? शिवाय ज्या प्रदेशात पोलीस आणि बंडखोर या दोहोंच्या संशयाखाली माणसे दोन पिढ्या वागली, तेथे सर्वांची सर्व माहिती एका कळीवर आणण्याच्या कल्पनेने लोक बिचकले तर त्यांस अडाणी म्हणता येणार नाही. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, पण त्यात सरकारने स्वतःसाठी ठेवलेल्या सवलतीही आहेत. म्हणून जोडणी हवी ती मागणीपुरती: अर्जदाराने विचारले, तेवढाच प्रश्न पलीकडे गेला, तेवढेच उत्तर आले, आणि कोणी केव्हा काय विचारले याची नोंद अर्जदारास पाहता आली. एस्टोनियाने हेच केले आहे.

आता हे करावयाचे कोणी? राज्याराज्यांतील अशा कुरबुरी मिटविण्यासाठीच १९५६ च्या पुनर्रचना कायद्याने विभागीय परिषदा निर्माण केल्या. दुर्दैव असे की महाराष्ट्र पश्चिम परिषदेत गुजरात-गोव्याबरोबर बसतो आणि मध्यप्रदेश व छत्तीसगड मध्य परिषदेत उत्तरप्रदेशाबरोबर. सालेकशाची हद्द नेमकी दोन परिषदांच्या मधल्या खाचेत पडली आहे. गोव्याच्या मंत्र्यास दरेकसा कोठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नाही. तथापि त्याच कायद्यात दोन परिषदांच्या संयुक्त बैठकीची वाट ठेवलेली आहे, आणि ती वाट चोखाळण्यास केंद्रीय गृहमंत्री, जे सर्वच परिषदांचे अध्यक्ष असतात, यांस कोणतीही घटनात्मक अडचण नाही. एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. बाघ नदीचे पाणी महाराष्ट्र व मध्यप्रदेश करार करून वाटून घेतात. पुजारीटोला धरणाचे दरवाजे उघडले की खालच्या अंगास दोन्ही राज्यांतील गावांस सूचना द्यावी लागते आणि ती दिली जाते. पाण्यापुरता ज्यांचा समेट होऊ शकतो त्यांस अभिलेखागाराच्या किल्लीपुरता तो जड जाऊ नये.

आमची सूचना मोठ्या खर्चाची नाही. सालेकसा, लांजी आणि डोंगरगड या तीन तहसिली घ्याव्यात. एक वर्षभर जातीचा दाखला, वारसनोंद आणि धानाची नोंदणी या तीनच कामांत सीमेपलीकडचा कागद लागलेला प्रत्येक अर्ज मोजावा: किती दिवस लागले, किती खेपा झाल्या, किती मजुरी बुडाली, किती जणांनी मध्येच नाद सोडला. हे काम नागपूर विद्यापीठ, गोंडवाना विद्यापीठ आणि अमरकंटकचे आदिवासी विद्यापीठ यांनी मिळून करावे. नावांच्या रूपभेदांचा कोश त्यातूनच तयार होईल, आणि त्यासाठी गोंडी जाणणारी माणसे प्रथमपासून कामावर घ्यावीत, मागाहून दुभाषी म्हणून नव्हे. सालेकशाच्या तहसीलदारास लांजीच्या तहसीलदाराकडे अधिकृतपणे विचारणा करता येईल आणि लांजीच्या तहसीलदारास ठराविक दिवसांत उत्तर द्यावे लागेल, एवढा एक आदेश तिन्ही महसूल सचिवांनी सह्या करून काढला तरी वर्षाचे काम सुरू होऊ शकते. तिन्ही राज्यांत लोकसेवेच्या मुदतीचे कायदे आहेतच. त्यांच्या सूचीत 'शेजारच्या राज्याच्या कचेरीस उत्तर देणे' ही आणखी एक सेवा घालावयाची आहे.

प्रवेशाचा हंगाम जूनमध्ये येतो. नागपुरात विधिमंडळाचे अधिवेशन डिसेंबरात भरते. गोंदिया जिल्ह्याचे आमदार त्या वेळी येथेच असतात. तीन सचिवांच्या सह्यांसाठी मधले पाच-सहा महिने पुरेसे आहेत.